मळखाऊ

जवाहरनगर
१६ नोव्हेंबर २०२५

सौ. शालूताई यांस,
स. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी थंडी होती. नळ येऊन गेल्यावर घर झाडले. दहाच्या सुमारास रिता शिकवायची त्या करडीच्या शाळेचे मुख्याध्यापक संघपाल सर मोटारसायकलने आले. चहा घेतला, एक पाकीट दिले आणि गेले. त्यात रिताच्या पहिल्या बरसीला शाळेतर्फे निघणाऱ्या स्मरणिकेची प्रुफे होती. घरच्या माणसाने एकदा नजर टाकावी, असे त्यांचे म्हणणे. दुपारी जेवण झाल्यावर वाचायला बसलो. एकूण नऊ लेख आहेत. तुमचा सर्वांत मोठा आहे.

तुम्ही चांगले लिहिता. डी.एड.च्या काळातली रिता मला ठाऊक नव्हती. तुमचे वडील इथे फॅक्टरीत होते, तुम्ही इथल्याच क्वार्टरमध्ये राहत होता आणि दोघी मिळून भंडाऱ्याला कॉलेजला जात होता, एवढे तिने सांगितले होते. तुमच्या लेखात ती फार हसते. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात. आमच्या घरात ती इतकी हसत नसे. कदाचित तुम्ही कऱ्हाडला निघून गेल्यावर तिची सवय कमी झाली असेल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या लेखाच्या शेवटी असे वाक्य आहे: ‘रिता मला म्हणायची, माझा नवरा मालखाऊ आहे.’

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. शालूताई, मी फॅक्टरीत स्टोअरला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. इतक्या वर्षांत मी स्टोअरमधला एक खिळा घरी आणलेला नाही. रिताला हे सर्वांत जास्त माहीत होते. एकदा आमच्या गुड्डीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तारेचा तुकडा पाहिजे होता, तर मी तिला घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात गेलो होतो. तेव्हा रिता चिडली होती, पण तो राग वेगळा.

ती खरेच असे म्हणाली का? गमतीत म्हणाली असेल तरी लोक गंमत म्हणून वाचणार नाहीत. स्मरणिका इथल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये जाईल. आणि म्हणाली नसेल, तर तुम्ही का लिहिले?

फोन केला असता. पण फोनवर मला बोलता येत नाही. कृपया पत्रानेच कळवावे.

आपला,
वीरेंद्र रहांगडाले


कऱ्हाड
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय वीरेंद्र दाजी,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी मी कपाळावर हात मारला, मग हसले, मग हसल्याची लाज वाटली.

अहो दाजी, मालखाऊ नाही, मळखाऊ! मी स्वच्छ अक्षरात ‘मळखाऊ’ लिहून पाठवलं होतं. प्रेसमध्ये कुणीतरी शहाणपणा केला आणि ‘मळ’चा ‘माल’ झाला. मी लगेच संघपाल सरांना फोन केला. ते बिचारे घाबरूनच गेले. म्हणाले, “मॅडम, मी वाचलं होतं, पण मले वाटलं तुमच्यातली काही मस्करी असंल.”

मळखाऊ म्हणजे ज्या रंगावर मळ दिसत नाही तो. तपकिरी, राखाडी, खाकी. आमची आई कापड घ्यायला गेली की दुकानदाराला पहिलं हेच सांगायची, “मळखाऊ रंगातलं दाखवा.” आमच्याकडे लहान पोरालाही कळतो हा शब्द. भंडाऱ्यात मात्र मी उच्चारला की लोक बघत राहायचे.

रिताला तो मीच दिला. तुमचं लग्न ठरलं होतं. तुमच्यासाठी शर्टपीस घ्यायला आम्ही दोघी भंडाऱ्याच्या बाजारात गेलो होतो. तिने पांढऱ्यावर हात ठेवला होता. मी म्हटलं, “अगं, फॅक्टरीत जाणारा माणूस आहे, मळखाऊ घे.” ती म्हणाली, “मळखाऊ म्हंजे काय वो? मळ खाते काय तो?” आणि जी हसत सुटली! दुकानदार म्हणाला, “बाई, घेनं आहे का हसनं आहे?” शेवटी तो राखाडी-तपकिरी तुकडा घेतला. आठवतो का तुम्हाला?

पुढे लग्नानंतर तुमचं नावच पडलं ते. दर रविवारी फोनवर माझा पहिला प्रश्न, “मळखाऊ काय म्हणतो?” म्हणजे तुमच्यावर कशाचा डाग दिसत नाही, दाजी. कुणी टोचून बोललं, साहेबांनी त्रास दिला, घरी काही झालं, तुम्ही सगळं पोटात घेता आणि वरून तसेच. हा गौरव आहे. इतका चांगला शब्द नवऱ्यासाठी किती बायकांना सापडतो? मला तर माझ्या नवऱ्यासाठी अजून सापडलेला नाही!

अगदी ती आजाराची गाठ हाताला लागली तेव्हासुद्धा. पोळ्याचा दिवस होता, ती बपेऱ्याला माहेरी बैलांची पूजा बघायला गेली होती, तिथून फोन केला. एवढं सांगताना सुद्धा म्हणाली, “शालू, हे मळखाऊ आहेत, सारं अंगावर घेतीन.” किती विश्वास होता तिचा तुमच्यावर.

तेव्हा ते वाक्य राहू द्या. चूक दुरुस्त होईल. आणि जेवत जा वेळेवर.

तुमची,
शालू


जवाहरनगर
३० नोव्हेंबर २०२५

सौ. शालूताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळाले. खुलाशाबद्दल आभारी आहे.

काल सुट्टी टाकून तुमसरला प्रेसमध्ये गेलो. डिंपल नावाची मुलगी संगणकावर अक्षरे लावते. तिने मला विचारले, “तुमी लेखक काय?” मी म्हणालो, “नाही, मी नवरा.” ती म्हणाली, “कोनाचे?” मी म्हणालो, “मॅडमचे.” मग ती उभी राहिली. “अय्यो, सॉरी काका. मले वाटलं लिहिनाऱ्या बाईनं काना सोडला अन् ‘ल’चा ‘ळ’ केला. मळखाऊ असा शब्द मी कधी आयकलाच नाही. मालखाऊ तर आमच्याइथं घरोघरी आहेत.” मी तिच्यावर रागावलो नाही. मी स्वतः हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. आमच्याकडे अशा रंगाला मैलखोरा म्हणतात. परत येताना करडीला थांबलो, तेव्हा संघपाल सरांनी शाळेतला शब्दकोश काढला. त्यात तुमचा शब्द आहे. अर्थ तुम्ही सांगितला तोच आहे.

तरी मला तो बरा वाटत नाही. कारण लिहितो.

तो शर्ट मला आठवतो. राखाडी-तपकिरी, खिशावर उभी शिवण. सासरकडून आलेल्या कपड्यांत तोच मला आवडला होता. तो मी पाच वर्षे वापरला. बाही फाटली तेव्हा रिताने अर्ध्या बाहीचा करून दिला आणि मी आणखी दोन वर्षे घातला. तो तिने निवडला, असे मी समजत होतो. नंतरही मी नेहमी त्याच रंगाचे शर्ट घेत गेलो. तिला तो रंग आवडतो, असा माझा समज होता. ती पांढऱ्यावर हात ठेवून उभी होती, हे मला तुमच्या पत्रातून कळले.

दुसरे असे की, माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द होता आणि तो माझ्या घरात कधी उच्चारला गेला नाही. ती मला ‘अहो’ म्हणायची, नाहीतर ‘गुड्डीचे पप्पा’. रविवारी ती फोन घेऊन मागच्या अंगणात जायची. मी समोरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. हसण्याचा आवाज यायचा. परत आल्यावर मी विचारायचो, “काय म्हणते शालूताई?” ती म्हणायची, “काही नाही, असंच.” आता मला कळते आहे की ‘असंच’ म्हणजे मी होतो.

तुम्ही त्याला गौरव म्हणता. गौरव असेल तर माणसाला सांगतात.

तिसरी गोष्ट विचारू की नको, असे दोन दिवस चालले होते. तुम्ही लिहिले आहे की पोळ्याच्या दिवशी तिने तुम्हाला गाठीचे सांगितले. मला तिने दिवाळीत सांगितले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मी ड्यूटीवर निघालो असताना. तुमच्या आठवणीत चूक होत असेल. कदाचित दुसरा कुठला सण असेल. तुमच्याकडे बैलांचा सण वेगळ्या वेळी येतो, असे ऐकले आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागद बघून मला एकच विचारले होते, “इतके दिवस काय करत होते?” मी म्हणालो, आम्हाला आताच कळले. मी खरे सांगतो आहे, असा माझा विश्वास होता.

पोळा होता की नव्हता, तेवढे कळवावे.

आणि सर्व विचार करता तुमचा लेख छापू नये, असे मला वाटते. मी अजून संघपाल सरांना सांगितलेले नाही. तुमचे उत्तर आल्यावर सांगेन.

आपला,
वीरेंद्र रहांगडाले


कऱ्हाड
१८ डिसेंबर २०२५

वीरेंद्र दाजी,

उत्तराला उशीर झाला. सुरू केलेली दोन पत्रं फाडली. एकात मी लिहिलं होतं की हो, माझीच चूक, तो पोळा नसेल. ते पाठवलं असतं तर तुमच्या मनाला बरं वाटलं असतं आणि मला पुन्हा कधी तुम्हाला पत्र लिहिता आलं नसतं.

पोळाच होता. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

मी त्याच वेळी तिला म्हटलं, “आधी दाजींना सांग.” पुढच्या रविवारी म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं. तिचं उत्तर ठरलेलं, “सांगतो, सांगतो.” एकदा मी चिडून म्हणाले की तू नाही सांगितलंस तर मी फोन करते. तिने शपथ घातली. मी फोन केला नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

पण ती का सांगत नव्हती, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या सगळ्या पत्रात तो प्रश्न नाही. तुम्ही विचारलं, सण कोणता होता. दाजी, हेच ते. हेच तर ती मला सांगायची.

गेल्या पत्रात मी तुम्हाला त्या शब्दाची चांगली बाजू तेवढी दाखवली. लेखातही तीच लिहिली. मेलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल लिहिताना माणूस दुसरं काय लिहिणार? आता तिचं पुरतं वाक्य लिहिते. तिच्या बोलीत, जसंच्या तसं, कारण ते मी विसरले नाही.

“शालू, मळखाऊ कपडा मळतच नाही असं थोडीच आहे? तोबी तेवढाच मळते. दिसत नाही म्हणून कोनी धूत नाही. यांचं कधी काय धुवाचं, मले समजतच नाही वो.”

आणि गाठीचं सांगायचं का टाळत होती, तर: “मी सांगीन अन् हे ‘बरं’ म्हनतीन अन् ड्यूटीवर चालले जातीन. मंग मी घरात एकटी काय करू?”

मी तिला म्हटलं, असं कसं म्हणतील? एवढी मोठी गोष्ट ऐकून कुणी ‘बरं’ म्हणतं का? नंतर दिवाळी झाल्यावर मी विचारलं, सांगितलंस का, काय म्हणाले? ती म्हणाली, सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.

तुम्हाला माझा राग आला आहे. राग कमी आणि दुसरंच काही जास्त, असं मला वाटतं, आणि ते मला ओळखता येतं, कारण ते माझ्याजवळही आहे. तुम्ही मागच्या अंगणातलं हसणं ऐकत होतात. मी इथे शेकडो कोसांवर बसून विचार करायचे की फोन ठेवल्यावर ती आत जाते, तिथे तुम्ही असता, तिचा चहा तुम्ही पिता, तिच्या स्कूटीत हवा तुम्ही भरता. माझ्या वाट्याला आठवड्याचा एक तास होता, दाजी. तुमच्या वाट्याला बाकी सगळं. शेवटी शेवटी मी फोन करायचे तेव्हा तुम्हीच उचलायचात. “झोपली आहे,” म्हणायचात. मी बरं म्हणायचे. मग तो तासही गेला.

लेख तुमच्या हातात आहे. आहे तसा छापा, हे पुरतं वाक्य घालून छापा, नाहीतर फाडून टाका. मी संघपाल सरांना सांगितलं आहे की वीरेंद्रदाजी म्हणतील तसं.

शालू


जवाहरनगर
२८ डिसेंबर २०२५

सौ. शालूताई यांस,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत गुड्डी सासरहून, बालाघाटहून आली होती. मी तिला सहज विचारले, मळखाऊ शब्द तुला माहीत आहे का. ती म्हणाली, “पप्पा, तुमाले कोनी सांगितलं?” मग हसायला लागली आणि मग रडायला लागली. तिलाही माहीत होता. मी विचारले, आई माझ्याबद्दल तक्रार करायची का. गुड्डी म्हणाली, “तक्रार कायची पप्पा. तुमच्यासंग भांडन कराले तिले कधी जागाच भेटली नाही. तुमी भांडनबी गिळून घ्याचे.” मी म्हणालो, मग मी काय करायला पाहिजे होते? ती म्हणाली, “एखादा डाव ताट फेकून देते मानूस.” नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिने पोहे केले. काल ती परत गेली.

म्हणजे घरात मी एकटाच होतो ज्याला तो शब्द माहीत नव्हता.

मी ‘बरं’ म्हणालो होतो. तिने तुम्हाला जे आधी सांगितले होते तेच झाले. ती दाराशी उभी होती, मी बूट घालत होतो. तिने सांगितले. मी ‘बरं’ म्हणालो, आणि संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ, असेही म्हणालो. ते दुसरे वाक्यही तिने तुम्हाला सांगितले नाही, असे दिसते. पण ‘बरं’ आधी म्हणालो, हे खरे आहे.

त्या दिवशी काय झाले ते मी कुणाला सांगितलेले नाही. तुम्हाला सांगावे असेही फार वाटत नाही, परंतु तिचे वाक्य तुम्ही मला दिले, तर हे तुम्हाला माहीत असावे. स्टोअरला पोचल्यावर पहिला माणूस रंगाचे डबे मागायला आला. मी त्याला ग्रीसचे डबे दिले. तो म्हणाला, “साहेब, तब्येत बरी नाही काय?” मी त्याला थांबायला सांगून मागच्या रॅकांमध्ये गेलो. तिथे यंत्र पुसायच्या कापसाची, म्हणजे कॉटन वेस्टची पोती असतात. त्यातला एक गोळा घेऊन तोंडावर दाबून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा तो माणूस गेला होता आणि टेबलावर ग्रीसचे डबे तसेच होते. घरी येताना वाटेत नळावर तोंड धुतले. रिताने दार उघडले आणि विचारले, “डोळे लाल काहून झाले?” मी म्हणालो, धूळ गेली.

तिने ऐकून घेतले. तिला कळले असावे, असे मी इतके दिवस समजून होतो. तुमचे पत्र वाचल्यावर आता खात्री राहिली नाही. तिला खरेच धूळ वाटली असेल.

लेखाबद्दल. लेख छापावा. तिचे पुरते वाक्य घालावे, तिच्याच बोलीत. लोक काय म्हणायचे ते म्हणोत. संघपाल सर म्हणतात की शब्दाला तारा देऊन खाली अर्थ छापू. तो छापू नये. ज्याला कळत नाही, त्याने मला येऊन विचारावे.

एक बदल मात्र करावा. ‘रिता मला म्हणायची’ असे आहे, त्यातला ‘मला’ काढावा. ‘रिता म्हणायची’ एवढेच ठेवावे. लेखावर तुमचे नाव आहेच. प्रत्येक ओळीत तुम्ही आहात. शर्ट तुम्ही निवडला, शब्द तुम्ही दिला, पोळ्याचा दिवस तुमच्याकडे आहे. हे वाक्य माझ्याबद्दल आहे. यात तरी तुम्ही मध्ये नसावे, असे मला वाटते. हे चांगले वाटत नाही, ते मला कळते. तरी मागतो.

आपला,
वीरेंद्र रहांगडाले


कऱ्हाड
२ जानेवारी २०२६

दाजी,

‘मला’ काढला. संघपाल सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, एका शब्दाने काय फरक पडतो मॅडम. मी म्हटलं, पडतो.

बरसीला येता येणार नाही. गुडघ्यामुळे प्रवास होत नाही. हे खरं कारण आहे आणि यापेक्षा जास्त खरंही एक आहे, ते तुम्ही ओळखलं असेल.

धुळीचं तिने मला सांगितलं होतं. त्या रविवारी. “यांच्या डोळ्यात धूळ गेली म्हनते,” एवढंच. मी म्हटलं, फॅक्टरीत असणारच धूळ. मागचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “हो ना.” तिला काय कळलं होतं ते मला माहीत नाही. मला माहीत नसलेली तिची एक तरी गोष्ट आहे. ती तुम्ही ठेवा.

शालू


जवाहरनगर
११ जानेवारी २०२६

सौ. शालूताई यांस,
स. न. वि. वि.

आज बरसी झाली. सकाळी घरी पूजा झाली, नंतर करडीला शाळेत कार्यक्रम. थंडीमुळे मुलांना उन्हात बसवले होते. बपेऱ्याहून तिचे भाऊ आले होते. चार जण बोलले. मला बोलायला सांगितले होते, मी नाही म्हणालो. स्मरणिका वाटल्या. तुमची प्रत सोबत पाठवत आहे.

पान उघडल्यावर तुमच्या लक्षात येईल, म्हणून आधीच लिहितो. ‘मला’ छापलेला आहे. प्रेसची चूक नाही.

मंगळवारी तुमसरला शेवटचे प्रूफ बघायला गेलो होतो. डिंपलने पडद्यावर पान काढून दाखवले. ‘रिता म्हणायची,’ आणि मग तिचे पुरते वाक्य. मी वाचले. पुन्हा वाचले. शेवटी ती म्हणते, “मले समजतच नाही वो.” हे ती कुणाला म्हणते आहे, ते त्या ओळीत कुठेच नव्हते. मला आमचे मागचे अंगण दिसले. तिथे ती उभी आहे, हातात फोन नाही, आणि भिंतीकडे तोंड करून हे बोलते आहे. मी समोरच्या खोलीत पेपर वाचतो आहे.

मी डिंपलला म्हणालो, “रितानंतर ‘मला’ घाल.” ती म्हणाली, “काका, परवा तर काढाले सांगितलं. आता घालाचा. पक्का सांगा, मंग पान बंद करतो.” मी म्हणालो, पक्का.

तुम्ही याचा चुकीचा अर्थ घेऊ नये. माझ्या मनातले गेले, असे नाही. आज कार्यक्रमात एक शिक्षिका तुमचा लेख वाचून डोळे पुसत होत्या आणि मला म्हणाल्या, “शालूताईंचं अन् मॅडमचं किती जीवाभावाचं होतं नाही!” मी हो म्हणालो. मला ते आवडले नाही. पण कुणीतरी ऐकणारे होते, हे छापलेले असावे. नाहीतर तिने ते कुणालाच सांगितले नाही, असे झाले असते.

अर्थ खाली छापलेला नाही. आज तिघांनी विचारला. पहिल्या दोघांना मी रंगाचे सांगितले. तिसरे तिचे थोरले भाऊ होते. त्यांना सांगताना मला मध्ये थांबावे लागले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले.

पाहुणे चारच्या आत गेले. गुड्डीच्या मुलाची परीक्षा आहे, तीही त्यांच्याच गाडीने गेली. शाळेतून बरेच जेवण बांधून दिले होते, ते मी शेजारी पुष्पाबाईंकडे पोचते केले. मला गोड नको होते. कुकरमध्ये एका माणसाचा भात लावला आहे. एक शिटी झाली. दुसरी झाली की गॅस बंद करायचा आहे, म्हणून उठतो.

आपला,
वीरेंद्र